उतरत्या गोळीचे दोन हंगाम

बँडवाल्याला नवरदेवाचं तोंड दिसत नाही. तो मागे, घोड्यावर. आम्ही पुढे, त्याच्याकडे पाठ करून. लोक विचारतात, "मास्तर, फलाण्याच्या लग्नात तुम्हीच होता ना? नवरदेव कसा होता?" मला काय माहीत! मला रस्ता माहीत. वडनेर भोलजीत शिरताना उतार कुठं लागतो, पिंपळगाव राजाच्या बाजारगल्लीत विजेची तार कुठं इतकी खाली आली आहे की टोपीचा तुरा अडकतो, कोणत्या गावची पोट्टी, म्हणजे नाचणारी पोरं, कोणत्या वळणावर हटून बसतात, हे सगळं मी डोळे मिटून सांगीन.

नांदुरा तालुक्यातल्या एका खेड्यात माझं घर. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठ सरेपर्यंत बँड, आणि पावसाळ्यात घरामागच्या तुकड्यात वांगी, मेथी आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडच्या वाचकांनी उगीच इडली आठवू नये. संपादकांनी बँडच्या गमतीजमती लिहायला सांगितलं. गमती पुष्कळ आहेत. एकदा घोडा बिथरला आणि नवरदेवाला घेऊन आमच्या आधी मांडवात पोचला. आम्ही रिकाम्या रस्त्यावर वाजवत राहिलो. एका गावात मुलीच्या बापानं ऐन वेळी सांगितलं, गोठ्यात म्हैस नुकतीच व्यायली आहे, ढोल वाजवायचा नाही. बिनढोलाची वरात काढली आम्ही. नाचणाऱ्यांनी टाळ्यांवर भागवलं. पण या वेळी मला दुसरंच सांगायचं आहे. एका लहानशा पांढऱ्या गोळीनं मला कसं नाचवलं आणि मी तिला कसं उतरवलं, ते.

आधी धंदा समजून घ्या. बँडमध्ये ढोल गर्दी जमवतो, ट्रम्पेट ती गर्दी पेटवतं, पण गाणं सांगतं ते क्लॅरिनेट. म्हणून क्लॅरिनेटवाला तो मास्तर. क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची एक पातळ पत्ती बांधलेली असते. फुंकलं की ती थरथरते आणि सूर निघतो. नळीवर भोकं असतात. डावा हात वरच्या भोकांवर, उजवा खालच्या. भोक बोटानं पुरतं झाकलं पाहिजे. केसभर फट राहिली की वाद्य किंचाळतं, आणि सगळी वरात मान वळवून मास्तरकडे बघते. नाचाच्या गाण्यात ही बोटं किती वेळा उठतात नि बसतात, ते मोजायला बसू नका. मीही कधी मोजलं नाही. ती आपोआप चालायची, चालताना पाय चालतात तशी.

मग एका हिवाळ्यात ती चालेनाशी झाली.

सकाळी उठलो की उजव्या हाताची मूठ वळायची नाही. बोटांची पेरं गाजरासारखी सुजलेली आणि गरम. चहाची कपबशी दोन्ही तळव्यांत धरायचो. बँडच्या लाल कोटाला पितळी गुंड्या असतात. त्या माझी बायको शोभा लावून द्यायला लागली. उन्हं चढली की बोटं थोडी सैल व्हायची आणि दुपारची वरात कशीबशी निघायची. सकाळची सुपारी, म्हणजे सकाळच्या लग्नाचं काम, मी घेणंच सोडलं.

आमच्या बँडमध्ये गजा नावाचा ट्रम्पेटवाला आहे. आम्ही दोघं मिसरूड फुटायच्या आधीपासून बरोबर वाजवतो. त्यानंच मला धरून अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी माझी बोटं एकेक दाबून पाहिली, रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "हा वयाचा आजार नाही, मास्तर. आमवात आहे. तुमचं शरीर तुमच्याच सांध्यांवर उठलं आहे. दोन औषधं देते. एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. ती सावकाश काम करते, तिला महिने लागतील. तोवर सूज आवरायला ही दुसरी, रोजची. हे स्टिरॉइड आहे. गुण लवकर येईल, पण हिच्यावर फार दिवस राहायचं नाही."

गुण किती लवकर यावा! दोन-तीन दिवसांत मी सकाळी उठलो आणि मूठ वळली. मी अंगणात उभा राहून उगीच मूठ वळत होतो, उघडत होतो. शोभा हसायला लागली. त्या आठवड्यात जळगाव जामोदकडच्या एका वरातीत मी असं वाजवलं की गजानं ट्रम्पेट खाली घेऊन नुसतं ऐकलं.

ठरल्याप्रमाणे मॅडमनी गोळी कमी केली. ऐन हंगामात बोटं पुन्हा फुगली. मी पुन्हा अकोल्याला गेलो, म्हटलं, वाढवा. त्यांनी कपाळाला आठ्या घालून थोडी वाढवली. पुढच्या खेपेला पुन्हा कमी, पुन्हा सूज, पुन्हा थोडी वाढ. आठवड्याची गोळी आपल्या चालीनं चालली होती, आणि माझ्याकडे तारखा दाटून आल्या होत्या. एक अख्खा हंगाम असा गेला.

त्या हंगामात माझं तोंड बदललं. गाल वर आले, हनुवटी गायब झाली, मान आखूड झाली. पोट सुटलं, पण हातपाय काटकुळे. नुसती ढोलाची कड दंडाला लागली तरी काळानिळा डाग उठायचा. साखर वाढली. झोप उडाली. भूक अशी की जेवून उठलो की पुन्हा डब्यात भाकर शोधायचो. आणि लोक? लोक म्हणायचे, "मास्तर, तब्येत लय मस्त झाली! काय खाऊन राह्यले?" आमच्याकडं अंगावर मांस दिसलं की माणूस सुखात आहे, असं समजतात.

एकटी शोभा म्हणाली, "हे तुमचं तोंड नाई."

वैशाखात मोताळ्याकडच्या एका गावात वरात होती. व्हिडिओ शूटिंगवाला एक तरुण उलटा चालत आमच्यापुढं कॅमेरा धरून होता. तो ओरडला, "काका, जरा बाजूले व्हा ना! नवरदेव दिसूनच नाई राह्यला, नुसते तुमचे गालच येऊन राह्यले!"

सगळी वरात हसली. ढोलवाले हसले. गजाही हसला. मी बाजूला झालो आणि रस्त्याच्या कडेनं वाजवत चाललो. गाणं आनंदाचं होतं, ते पुरं केलं.

घरी आलो आणि गोळ्यांचं सगळं पाकीट मागच्या उकिरड्यावर भिरकावलं. शोभा भांडी घासत होती. ती तशीच राखेच्या हातानं उठली.

"अजी, डॉक्टरनं काय सांगतलं होतं? एकदम बंद नोका करू म्हणे."

"बोटं माह्यी, तोंड माह्यं. हे गोळी कोण लागून गेली?"

"राग हाये, कबूल. पण त्याईले इचारून तर पाहा."

"नाई इचारत."

पहिले दोन दिवस मी मोठ्या तोऱ्यात होतो. तिसऱ्या दिवशी अंग असं दुखायला लागलं की अंथरुणाची चादरही जड वाटावी. त्याच दिवशी वडनेर भोलजीला वरात. मी गेलो. उन्हात उभा राहिलो तर समोरचा रस्ता पाण्यासारखा हलायला लागला. दुसऱ्या गाण्याला पोटात मळमळलं. एका घराच्या ओट्याशी जाऊन ओकलो, परत येऊन वाद्य तोंडाला लावलं, आणि गुडघेच गेले. गजानं आधी क्लॅरिनेट धरलं, मग मला. त्याबद्दल मी त्याला बोल लावत नाही; मीही तेच केलं असतं.

खामगावच्या दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब पार तळाला गेला होता. तिथल्या डॉक्टरांनी शोभाला विचारलं, "कुठलं औषध चालू होतं?" तिनं सांगितलं, आणि बंद केल्याचंही सांगितलं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. सलाईन लावलं आणि शिरेतून इंजेक्शन दिलं. संध्याकाळी मी उठून बसलो आणि भात मागितला. इंजेक्शन कसलं होतं? तेच. मी उकिरड्यावर फेकलं होतं तेच औषध.

त्या दिवशी जो राग आला, तो आजही उतरलेला नाही. ज्याच्यावाचून उभं राहता येत नाही आणि ज्याच्यासोबत आरशात बघवत नाही, अशा वस्तूच्या ताब्यात आपण गेलो, याचा तो राग. बरा झालो आणि सरळ अकोल्याला गेलो. शोभा आणि गजा सोबत होते. मॅडम ओरडतील असं वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. कागदावर त्यांनी शेंगेसारखी दोन चित्रं काढली, ही मूत्रपिंडं. त्यांच्या डोक्यावर दोन छोट्या टोप्या, या ग्रंथी.

"या गोळीत जे आहे ना मास्तर, ते थोडं थोडं प्रत्येकाचं शरीर स्वतः बनवतं. या ग्रंथी बनवतात. त्याच्यावाचून माणूस उभा राहू शकत नाही. आपण बरेच महिने बाहेरून दिलं, म्हणून यांनी काम थांबवलं. तुम्ही बाहेरचं एकदम बंद केलंत, आतलं सुरू झालेलं नव्हतं. म्हणून पडलात."

"मंग आता जन्मभर घ्या लागन?"

"नाही. पण ही गोळी बंद करायची नसते, उतरवायची असते. थोडी कमी करायची, थांबायचं, शरीराला कळू द्यायचं. पुन्हा थोडी. जितकं खाली जाऊ तितकं सावकाश. मधे ताप आला, उलट्या झाल्या, तर एक पायरीही उतरायची नाही, आधी मला फोन करायचा. वर्ष लागेल. जास्तही लागेल. आणि त्रास होईल, हे आत्ताच सांगते."

"उतरवा," मी म्हटलं. "मी हाये तयार."

"रागाने म्हणताय का?"

"हो."

त्या पहिल्यांदा हसल्या. "चालेल. पण राग वर्षभर पुरवा."

मी पुरवला.

हंगाम संपला होता, पाऊस सुरू झाला होता. गोळी अर्धी करायची, मग पाव. क्लॅरिनेटची पत्ती घासायला माझ्याकडे एक पातळ पातं आहे. केसाइतका पापुद्रा काढायचा, जास्त निघाला की पत्ती वाया. त्या पात्यानं मी गोळी कापायचो. शोभा म्हणायची, "सोन्यावानी कापता जी!" भुगा पडला तर तो पाण्याच्या पेल्यात.

प्रत्येक पायरीचं एकच गणित होतं. कमी केली की पहिले काही दिवस अंगातून जीव काढून घेतल्यासारखं. चार वाफे निंदले की बांधावर बसायचं. जेवण नको. मन असं हळवं की मेथीच्या वाफ्यात गोगलगायी पाहून मला रडू आलं होतं. मग एखाद्या सकाळी डोकं स्वच्छ असायचं, भाकर गोड लागायची, आणि कळायचं की आतल्या त्या टोप्यांनी थोडं काम हाती घेतलं. की पुढची पायरी. शोभा रोज सकाळी कोमट पाण्याचं घमेलं पुढं ठेवायची. त्यात हात बुडवून मूठ वळ, उघड, वळ, उघड. माझी बोटं थांबली की ती नुसती बघायची. पुन्हा सुरू.

श्रावणात गजा आला. ओसरीवर बसला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग खिशातून कागदाची पुडी काढली.

"बाजारात एक माणूस बसते. साधी जडीबुटी हाये म्हणे. माह्या साळ्याचे गुडघे एका दिवसात मोकळे झाले."

"एका दिवसात?"

"एका दिवसात, मास्तर!"

"गजा, मले बी दोन-तीन दिवसातच गुण आला होता. त्या पुडीत बी हेच असन बे. नाव लिहेल नाई, एवढाच फरक."

"तुले काय माहीत?"

"साळ्याचे गाल पाह्य जाऊन."

पुडी त्यानं परत खिशात घातली. पुढं साळ्याला घेऊन तोच अकोल्याला गेला, ती वेगळी कथा.

दिवाळीपर्यंत गोळी पुष्कळ खाली आली. गाल ओसरले. हनुवटी परत आली तेव्हा शोभानं तिच्यावरून बोट फिरवलं. पण बोटांनी पुन्हा डोकं वर काढलं. डाव्या हाताची ठीक होती. उजव्या हाताचं मधलं आणि करंगळीजवळचं सुजलं, आणि करंगळीजवळचं वाकडं होऊ लागलं. मॅडमनी आठवड्याची गोळी वाढवली आणि म्हणाल्या, "आता काही दिवस इथेच थांबू. खाली नाही, पण वरही नाही."

तेवढ्यात हंगाम आला. बँडच्या मंडळींची माझ्या ओसरीवर बैठक बसली. सगळ्यांची घरं हंगामावर चालतात, त्यांची काळजी खोटी नव्हती. एक जण म्हणाला, कीबोर्ड घेऊ. गजा अवघडून म्हणाला, "मास्तर, तू ठेल्यावर बस ना. माईक धर, गाणे सांग. मास्तर तूच राह्यशीन." ठेला म्हणजे भोंगे आणि जनरेटर लादलेली आमची ढकलगाडी.

मी म्हटलं, "ठेल्यावर सामान बसते. मी चालत येईन आणि वाजवीन. नाई जमलं तर त्या दिवशी मीच कोट उतरवून ठेवीन. तुमाले सांगा नाई लागणार."

बैठक उठली. पण त्या दिवसापासून माझ्यावर प्रत्येकाचा डोळा होता, हे मला कळत होतं.

पहिली मोठी सुपारी पिंपळगाव राजाची आली. वसंतराव म्हणून तिथले शेतकरी, मोठी जमीन, मोठा आवाज. त्यांच्या स्वतःच्या लग्नात मी वाजवलं होतं. आता मुलीचं लग्न होतं, पल्लवीचं. ओसरीवर बसल्या बसल्या मी त्यांना माझा हात दाखवला.

"हे दोन बोटं बसत नाई. नाचाचे गाणे पहिल्यासारखे नाई होणार. आताच सांगतो."

त्यांनी हात निरखून पाहिला. "मंग काय वाजवान?"

"जे बसते ते."

"मंग ते वाजवा. मले दुसरा मास्तर नाई पाह्यजे."

मी गाणी पुन्हा बसवायला घेतली. डावा हात शाबूत होता, म्हणजे वरची भोकं माझी होती. संथ गाणी निवडली, ज्यांचा बराचसा जीव वरच्या सुरांत आहे. काहींच्या पट्ट्या बदलल्या. धावती गाणी गजाच्या ट्रम्पेटकडे दिली. तरी काही गाण्यांत खालचा एखादा सूर यायचाच, आणि तो सुटायचा. तिथं मी श्वास घ्यायचा, असं ठरवलं. काही गाणी मात्र कुठल्याच पट्टीत बसेनात. ती मी क्लॅरिनेटच्या पेटीसारखी मिटून ठेवली. त्यातली दोन माझ्या वडिलांनी शिकवलेली होती. ती आता माझ्या हातून कोणी ऐकणार नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. ते लपवण्यात अर्थ नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी हात नेमका जास्त सुजला. थंडी होती. गजा मला घ्यायला आला. घमेल्यातला हात बघून तो खाली बसला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, एक दिवस दोन गोळ्या जास्त घे. आज वसंतरावाची इज्जत हाये, आपली बी हाये. डॉक्टरले कोण सांगते?"

मी शोभाकडे पाहिलं. वाटलं, ती त्याला झापेल. तिनं कोनाड्यातून गोळ्यांचं पाकीट आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"मले पाह्यवत नाई," ती म्हणाली. "तुमी ठरवा. घेतल्या तर मी काई नाई म्हणणार."

मी त्या पाकिटाकडे किती वेळ बघत होतो, सांगता येत नाही. दुपारपर्यंत बोटं मोकळी होतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. वरात दणक्यात होईल. पोट्टी खांद्यावर घेतील. आणि मग पुढच्या आठवड्यात मलकापूरची सुपारी होती, त्याच्या पुढं चिखलीची. त्या दिवशीही थंडी असणार, तेव्हाही कोणाची तरी इज्जत असणार. वडनेरचा तो पाण्यासारखा हलणारा रस्ता मला आठवला. मी त्या दिवशीचा ठरलेला तुकडा कापला, पाण्यासोबत घेतला आणि पाकीट शोभाला परत दिलं.

"कोट दे," म्हटलं. "गुंड्या तू लाव."

पिंपळगाव राजाला वरात मारुतीपासून निघाली. मंडपाचं अंतर फार नाही, पण वरातीला घाई नसते. पहिली गाणी गजानं दणकावली. मग मी माझं संथ गाणं सुरू केलं. बाजारगल्लीच्या तोंडाशी नवरदेवाच्या मित्रांचा घोळका आडवा आला. एकानं रुमाल दातात धरला होता, तो काढून म्हणाला, "ए मास्तर! हे काय भजन लावलं बे? जोरात फुक ना!"

मी वाजवत राहिलो.

"आयकू नाई येत का? का दमच संपला बुढ्याचा?"

त्यानं माझ्या क्लॅरिनेटला हात लावला. तिथं मी थांबलो. सगळा बँड थांबला. अशी शांतता वरातीत पडत नाही. मागं घोडा फुरफुरला तेही ऐकू आलं.

मी उजवा हात त्याच्या तोंडापुढं धरला. "हे पाह्य. हे बोट वाकत नाई, आणि वाकलं तर बसत नाई. वाकवायची गोळी हाये माह्या घरी. नाई घेतली. तुह्यासाठी बी नाई घेणार. मी वाजवून राह्यलो त्याच्यावर नाचता येत असन तर नाच, नाई तर बाजूले हो. रस्ता माह्या पायाखालचा हाये."

पोरगा माझ्यापेक्षा वीतभर उंच. त्यानं क्लॅरिनेटवरचा हात काढला. आणि तेवढ्यात मागच्या बायकांतून एक म्हातारी पुढं आली. नवरदेवाची आत्या, हे मला नंतर कळलं. गुडघ्यावर हात ठेवत ठेवत आली आणि त्या पोराला म्हणाली, "सरक रे तिकडं. तुमच्या त्या उड्याईत आमाले कधी नाचाले भेटते? वाजव रे दादा तू."

मी वाजवलं. ती डोक्यावरचा पदर सावरत, एक पाय टाकत, एक पाय ओढत नाचली. मग दुसरी आली, मग चार-पाच आल्या. ज्यांना वरातीत कडेनं चालायचीच सवय, त्या मधे आल्या. पोट्टी जरा वेळ बघत राहिली, मग त्यातला एक लाजत लाजत त्याच चालीवर हात हलवायला लागला. मला क्लॅरिनेट टाकून हसावंसं वाटत होतं, पण हसलो तर ओठ सुटतात.

खरी परीक्षा पुढं होती. पाठवणी. पाठवणीचं गाणं वसंतरावांनी स्वतः सांगितलेलं होतं, त्यांच्या लग्नातलं. त्यात एक ओळ खाली उतरते, पार खाली, आणि तिथंच ते गाणं पोटात शिरतं. मी कितीही पट्टी बदलली तरी ते दोन सूर उजव्या हातात येत होते. तिथं श्वास घ्यायचा, असं मी ठरवून ठेवलं होतं. गाण्याला भोक पडेल, पडू दे.

पल्लवी बापाच्या गळ्यात पडली. मी सुरू केलं. ती ओळ आली. मी श्वास घेतला. आणि ते दोन सूर वाजले.

माझ्या डाव्या अंगाला गजा उभा होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून ट्रम्पेटच्या तोंडावर धरली होती. त्या टोपीतून ते सूर असे दबून, मऊ होऊन आले की क्लॅरिनेटचेच वाटावेत. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. ओळ पुन्हा आली, त्यानं पुन्हा भरली. दिवसभर माझ्या बाजूला वाजवत त्यानं टिपून ठेवलं होतं, माझं बोट कुठं सुटतं ते. मला ऐकू जाईल एवढंच बोलला, तेही गाणं संपल्यावर, टोपी झटकत: "डॉक्टरले कोण सांगते!"

वसंतराव जवळ आले. त्यांनी माझा सुजलेला हात धरला आणि तो दुखेल हे लक्षात येऊन पटकन सोडला.

पुढचं थोडक्यात. तो हंगाम मी पायानं चालून पुरा केला. काही लोकांनी आम्हाला टाळलं, डीजे सांगितला. त्यांचं लग्न, त्यांचे कान. वाढवलेल्या आठवड्याच्या गोळीला उन्हाळ्यात गुण आला, सूज बसली, आणि मॅडमनी पुन्हा एकेक पायरी उतरवायला सुरुवात केली. दुसरा पावसाळा गेला. मधे एकदा हिवतापासारखा ताप आला, तेव्हा उतरणं थांबवून त्यांना फोन केला. त्यांनी सांगितलं तेवढे दिवस गोळी थोडी वाढवली, बरा झालो, पुन्हा कमी केली. त्या वाढीचा मला कमीपणा वाटला नाही. आधी राग माझ्यावर स्वार होता, आता मी त्याच्यावर, एवढं या दोन हंगामांत जमलं.

गोळी उतरवण्याच्या दुसऱ्या हंगामाच्या शेवटी मॅडमनी एका सकाळी रक्त घेतलं, त्या दोन टोप्या जाग्या झाल्या का ते पाहायला. अहवाल वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बनवतायत," त्या म्हणाल्या. "पुरेसं बनवतायत. शेवटचा तुकडाही सोडा."

आठवड्याची गोळी चालू आहे, ती बहुधा राहील. आमवात गेलेला नाही. तो घरातच आहे आणि मीही घरातच आहे. उजव्या हाताचं ते एक बोट कायमचं वाकडं राहिलं. बाकीची नऊ चालतात. कोट पुन्हा सैल झाला, शोभानं त्याच्या गुंड्या आत सरकवून घेतल्या.

गेल्याच आठवड्यात शेंबा गावाकडचे एक गृहस्थ सुपारी द्यायला आले. चहा घेता घेता त्यांची नजर सारखी माझ्या हातावर. शेवटी राहवलं नाही.

"मास्तर, बोट वाकडं झालं म्हणते लोक. खरं हाये?"

"खरं हाये."

"मंग वाजवता कसं?"

मी त्यांना लग्नाची तारीख विचारली आणि म्हटलं, "आयकाले या."